मांडवीच्या बुरुजावरचा उंबर

काकड्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते खालून. तो मांडवीच्या बुरुजावर, माथ्याच्या हातभर खाली, कमरेला दोर बांधून लोंबकळत होता आणि मी पंधरा पाहुण्यांना घेऊन पायथ्याशी फिरंग्यांचा इतिहास सांगत होते. ऐन रंगात आले असताना वरून ओंजळभर माती पडली, ती नेमकी माझ्या डोक्यावर. "अरे, खाली माणसं दिसत नाहीत का?" मी ओरडले. वरून शांतपणे उत्तर आलं, "दिसतेस ना तू. पण मूळ हातात आलाय बाई, आता सोडता नाय येत."

एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई मी. माझ्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची, आणि हा दोराला लटकलेला माणूस मला तू म्हणत होता. पाहुणे हसले. मी त्या दिवशीची फेरी घुश्श्यातच आवरली. पुढे कळलं की कैनाडच्या त्याच्या पाड्यावर सगळे एकमेकांना तूच म्हणतात, साहेबालाही आणि देवालाही. मग माझा राग गेला. गेला म्हणजे काय, दर आठवड्याला तेच ऐकून सवय झाली.

ही २०१४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्याच वर्षी मी निवृत्त झाले होते. घरात बसून राहणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून दर रविवारी डहाणूत 'बंदर फेरी' सुरू केली. आमच्याकडे येणारा पाहुणा चिकूच्या वाडीत फोटो काढतो, चिखले गावच्या किनाऱ्यावर पाय भिजवतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. हे एकेकाळी बंदर होतं, आतल्या जंगलातला साग इथून गलबतांत चढायचा, हे त्याला कुणी सांगत नाही. मी सांगते. खाडीच्या तोंडावर जकात वसूल करायची चौकी होती, तिला मांडवी म्हणत. फिरंग्यांनी तिच्या राखणीला बुरूज बांधला. पुढे मराठे आले, मग इंग्रज आले. वसूल करणारे बदलत गेले, बुरूज तोच राहिला. काळा दगड, शिंपल्या भाजून केलेला चुना, दोन मजल्यांची उंची आणि माथ्यावर छातीएवढा कठडा. एवढं मी घडाघडा सांगत असे. तो अजून उभा का आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं, आणि पाहुण्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

तो काकड्यामुळे उभा होता. बुरूज एका सरकारी खात्याच्या ताब्यात आहे आणि काकड्या त्या खात्यात वर्षानुवर्षं रोजंदारीवर. जुन्या भिंतीचं खरं नुकसान समुद्र करत नाही, पाखरं करतात. वडा-पिंपळाची फळं खाऊन भिंतीवर बसतात, त्यांच्या विष्ठेतलं बी दगडांच्या सांध्यात पडतं आणि पहिल्या पावसात रुजतं. काकड्या दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा दोर बांधून सगळा बुरूज उतरायचा. एकेक सांधा बघायचा. रोप कोयत्यानं छाटलं तर मूळ आत जाड होतं, म्हणून तो छाटत नसे. बोटानं माती मोकळी करून शेवटच्या तंतूपर्यंत मूळ ओढून काढी आणि त्या जागी स्वतः मळलेला चुना भरी. दगडावर बोटाच्या गाठी वाजवून आत पोकळ आहे की भरीव, ते सांगे. सिमेंटला तो हात लावत नसे. एका मुकादमानं आणून ठेवलेली सिमेंटची गोणी त्यानं सरळ पावसात भिजू दिली होती.

हळूहळू आमची गट्टी जमली. फेरी संपली की तो खाली उतरायचा आणि माझ्या थर्मासमधला चहा प्यायचा. एकदा चहा पितापिता म्हणाला, "बाई, तू सगळा बुरूज एकाच वक्ताला बांधला सांगतेस. तसा नाय. खालचा चुना बघ, त्यात शिंपलीचे तुकडे हायत. वरच्यात विटेचा चुरा हाय. वरचा अर्धा नंतर चढवला कुणीतरी." मी म्हटलं, तू मला इतिहास शिकवू नकोस. आठवडाभर फुगून राहिले. मग एका सकाळी एकटीच जाऊन भिंग लावून पाहिलं. खालच्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे होते, वरच्यात विटेचा चुरा होता. पुढच्या रविवारपासून मी माझं भाषण बदललं. कुणाचं ऐकून बदललं, ते सांगितलं नाही.

पण एक गोष्ट मला खुपत असे. खाडीच्या बाजूला, कठड्याच्या खाली, भिंतीतून एक उंबर आला होता. रोप नव्हे, चांगलं झाड. बुंधा मांडीएवढा आणि फांद्या कठड्याच्या वर गेलेल्या. दोन पानांचा पिंपळ ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्यानं हा उंबर इतकी वर्षं कसा राहू दिला? विचारलं की तो म्हणायचा, "असू दे तो." साहेबांनी विचारलं की त्यांना जे पटेल ते सांगायचा. एकाला सांगितलं, वर मधमाश्या आहेत. दुसऱ्याला सांगितलं, ढोलीत नाग आहे. तिसरे साहेब गुरुवार करणारे होते, त्यांना दत्त महाराजांची आठवण करून दिली. त्यांनी खालूनच हात जोडले. साहेबांची दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची. उंबराची होत नव्हती.

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे हादरे सुरू झाले. तलासरीपासून डहाणूपर्यंत जमीन अधूनमधून गुरगुरायची आणि भांडी वाजायची. पाड्यांवरच्या घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक अंगणात झोपू लागले, ठिकठिकाणी तंबू आले. आम्ही गावातले लोक आधी घाबरलो, मग नुसतेच वैतागलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दिवसात पाच-सहा हादरे बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवीवर गेले तर काकड्या आधीच तिथे होता. उंबराच्या बुंध्यापासून खाली एक भेग गेली होती. तिच्यात माझी मूठ मावली.

खात्याचा नवा अभियंता, नाव नविन, उंबरगावकडचा गुजराती. तरुण, कामसू आणि अतिशय गोड बोलणारा. दोन दिवस मापं घेतली आणि आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाला, "जयश्रीबेन, सीधी बात सांगतो. मूळ भिंतीच्या पोटात गेलंय. जमीन हलली की झाड हलतं आणि पहार घातल्यासारखी भिंत उचकटते. पावसाच्या आधी उंबर मुळासकट निघाला आणि आत चुना भरला, तर बुरूज राहील. नाही निघाला तर वरचा अर्धा बुरूज उतरवायचा. धोकादायक म्हणून तसा कागद तयार आहे. मे अखेरची मुदत आहे." मग काकड्याकडे वळून म्हणाला, "फांद्या तोडायला माणूस मी कुठूनही आणीन. पण मुळं तूच काढायची. दुसऱ्यानं हात लावला तर दगड सुटतील."

काकड्या म्हणाला, "उंबर मी नाय तोडणार. आन् दुसऱ्याला पण तोडू देणार नाय."

मी भडकले. "तूच वाढवलास तो! पंचवीस-तीस वर्षं बुरूज राखल्याचा तोरा मिरवतोस आणि त्याच्या छातीवर झाड पोसलंस! शाळेतलं पोरही एवढा मूर्खपणा करणार नाही." अभियंत्यासमोर, दोन मजुरांसमोर मी हे बोलले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरी आला. पायरीवर बसला, चहा नको म्हणाला आणि जे सांगायचं ते त्यानं एका दमात सांगितलं.

"आमच्यात उंबर लगनाच्या मांडवालाच तोडतात, बाई. एखादा उंबर कुणाच्या मांडवाला बोलला, म्हंजे राखून ठेवला, का तो दुसऱ्या कशाला तोडायचा नाय. तोडला तर ते लगीन कधीच होत नाय. हा उंबर बोललेला हाय."

"कुणाच्या लग्नाला?"

"माझ्या."

मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. "अरे, तुझी बायको जिवली आहे ना घरात? पोरगा मुकेश एवढा मोठा आहे, अच्छाडला ढाब्यावर कामाला जातो..."

"जिवली हाय. अठ्ठावीस वरसं हाय. पण लगीन नाय लागला आमचा."

इतकी वर्षं इथे राहून मला हे नीट माहीत नव्हतं, हेही कबूल करते. पाड्यांवर अशी जोडपी पुष्कळ. दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं की पोरगी नांदायला येते, मुलं होतात, कुणी नावं ठेवत नाही. विधीचं लग्न जमेल तेव्हा लावायचं. गावजेवण असतं, देवाचं सगळं रीतसर व्हावं लागतं, म्हणून ते पुढे ढकललं जातं. कुणाचं पाच वर्षांनी लागतं, कुणाचं नातवंडं झाल्यावर. काकड्याचं राहून गेलं. आधी बाप गेला, मग छप्पर उडालं, मग मुकेशच्या आजारपणात दोन वर्षं गेली. जिवली आली त्याच पावसात त्याला भिंतीत दोन पानांचा उंबर दिसला होता. काढायला हात घातला आणि काढला नाही. घरी जाऊन तिला सांगितलं, हा आपल्या मांडवाचा.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "आता लाव की लग्न."

तो पहिल्यांदाच हसला. "तेच सांगाय आलोय. होळी झाली का लगीन लावतो. उंबर रीतीनं निघंल, बुरूज पण राहील."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे नविनला फोन लावला. त्यानंही आनंदानं मुदतीपर्यंत थांबायचं कबूल केलं. होळीनंतरच्या आठवड्यात मी जिवलीसाठी हिरवी साडी घेतली आणि रिक्षा करून कैनाडला गेले. आपण फार चांगलं काम करतोय, असं मला वाटेत सारखं वाटत होतं.

जिवली अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. घराच्या भिंतीला हादऱ्यानं उभा तडा गेला होता, म्हणून चूल अंगणातच ताडपत्रीखाली होती. पन्नाशीला आलेली, काटक, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी बाई. मी साडी पुढे केली. तिनं हात लावला नाही.

"कशाची साडी?"

"तुझ्या लग्नाची."

"माझ्या लगनाची का बुरुजाच्या?"

ती फुलं पसरवत राहिली आणि बोलत राहिली.

"मी आली तवा तो बोलला, उंबर तुझ्या कमरेएवढा झाला का लगीन. मी दर वरसी बघाय जायची. कमरेएवढा झाला. खांद्याएवढा झाला. मग माझ्या डोक्याच्या वर गेला. मग मी जायची सोडली. तवापासून मांडवीवर पाय नाय ठेवला." तिनं एक कुजकं फूल वेचून बाजूला टाकलं. "पाड्यात कुणाचं लगीन असला का मना बोलावतात. कशाला ठावं हाय? तांदूळ वाटाय. मी वाटून देते. चौक दुसऱ्या लिहितात."

याचा अर्थ मला माहीत होता. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठीनं देवीचा चौक काढतात. तिकडे त्याला लिहिणं म्हणतात. तो लिहायचा मान सवाष्णींचा, आणि सवाष्ण तीच जिचं लग्न विधीनं लागलंय. अठ्ठावीस वर्षं जिवली दुसऱ्यांच्या चौकासाठी तांदूळ वाटत होती. चौक लिहायची काडी एकदाही तिच्या हातात आली नव्हती.

"अगं, मग आता होतंय ना लग्न," मी म्हटलं.

"आता होतो, कारण भिंत पडते. माझ्यासाठी त्याला वेळ नाय गावला, भिंतीसाठी गावला." तिचा आवाज चढला नव्हता. "त्याला सांग, बुरूज आधी पडू दे. पडल्यावर पण लगीन करायचा असला तर ये म्हणावं. मी हाय इथंच."

"जिवली, चारशे वर्षांचा बुरूज आहे तो!"

"मना चारशे नको सांगूस. मना अठ्ठावीस ठाव हाय."

साडी घेऊन मी परत आले. खरं सांगायचं तर मला तिचा संताप आला. एवढ्या मोठ्या वास्तूपुढे हिचा हट्ट काय घेऊन बसायचं, असं मी दोन दिवस स्वतःशी आणि जो भेटेल त्याच्याशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती अठ्ठावीस वर्षं माझी असती, तर मी याहून वाईट बोलले असते. तरी बुरूज जावा असं मला वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी मनात होत्या आणि त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं.

काकड्याला मी जिवलीचं बोलणं शब्दशः सांगितलं. तिची समजूत काढ, असंही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं आणि उठला. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी बोललाच नाही. रविवारी फेरीला मी पाहुण्यांना उंबराची बाजू दाखवत नव्हते.

एप्रिलच्या मध्याला सकाळी आठच्या सुमाराला नविनचा फोन आला. "जयश्रीबेन, जल्दी या. काकड्या बुरूज पाडतोय."

मी होते त्या कपड्यांत रिक्षात बसले. जाऊन बघते तर काकड्या कठड्यावर उभा. पहारीनं एक दगड सैल केला, त्याला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडला. खाली आधीचे दगड ओळीनं लावलेले होते. एकही त्यानं टाकला नव्हता. मी मोजले, अकरा होते.

"काय चाललंय हे?" मी ओरडले.

"उतरवतोय. साहेबाचाच कागद हाय ना."

"अरे, मे अखेरपर्यंत मुदत आहे!" नविन रडकुंडीला आला होता. "मी तुला उतरव म्हटलंच नाही अजून!"

"मे मधी उतरवायचा तो आता उतरवतो. उंबराला हात नाय लावला. जमिनीकडच्या बाजूनं चाललोय."

मी खालून हातापाया पडले. शिव्याही दिल्या. इतिहास, वारसा, पुढच्या पिढ्या, जे जे शाळेत शिकवलं ते सगळं ओरडून झालं. त्या क्षणी मला तो माणूस अक्षरशः डोळ्यांसमोर नको होता. तो बारावा दगड सैल करत होता.

"मना काय बरा वाटतोय काय?" तो एकदम ओरडला. मी त्याचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. "एकेक सांधा मी भरलाय याचा. माझ्याहून जास्त तुला दुखतोय काय?"

मी विचारलं, "जिवलीला सांगितलंस का, तू हे करतोयस ते?"

"नाय."

"का नाही?"

"तिला सांगून केला तर ते बुरूज वाचवायसाठीच झाला ना. ती येईल, नको बोलंल, म्हणून केल्यासारखा. मना तसा नाय करायचा. पूर्ण उतरवीन, मग तिच्याकडं जाईन."

पण मी काकड्याएवढी सरळ नाही. मी नविनला बाजूला घेतलं आणि त्याची जीप कैनाडला पाठवायला लावली. ड्रायव्हरला बजावलं की जिवलीला एवढंच सांग, काकड्या बुरूज उतरवतोय, त्यानं तुला कळवलेलं नाही. याहून एक शब्द जास्त बोलू नकोस. चूक केली की बरोबर केलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

जीप परत यायला तास-सव्वा तास लागला. तेवढ्यात काकड्यानं आणखी सहा दगड उतरवले. जिवली जीपमधून उतरली ती मळक्या लुगड्यातच. हातांना मोहाच्या फुलांचा चिकटा तसाच होता. तिनं आधी उंबराकडे पाहिलं. बराच वेळ, मान मागे टाकून. मग खाली ओळीनं लावलेल्या दगडांकडे पाहिलं. मग वर काकड्याकडे. त्यालाही ती दिसली आणि तो पहार हातात धरून तसाच उभा राहिला.

"किती झालं?" तिनं विचारलं.

"सतरा."

"हात कापतायत तुझं."

"हा."

"उतर खाली. पडलास तर मग मी कुणाशी लगीन लावू?"

काकड्या दोरावरून खाली आला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. नविन खाडीकडे तोंड करून उभा राहिला. मी मात्र रडले, चारचौघांत, पदर तोंडाला लावून, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

लग्न वैशाखात लागलं. आदल्या दिवशी सकाळी पाड्यावरची मंडळी टेम्पो करून मांडवीवर आली. नवरदेवानं उंबराला हात लावायचा नसतो, म्हणून काकड्याचा मेव्हणा हिरू दोर बांधून वर चढला. काकड्या खालून सारखा सांगत होता, कुऱ्हाड इथे घाल, तिथे नको, त्या दगडावर पाय देऊ नको. शेवटी जिवलीची बहीण गंगी त्याच्या अंगावर खेकसली, "नवरा हायेस ना? मग गप बस!" पहिली फांदी वाजतगाजत कैनाडला गेली; मांडवाचा मान झाल्यावर बाकीचं झाड हिरूनंच उतरवलं. तडा गेलेल्या भिंतीवरच सवाष्णींनी चौक लिहिला. तडा चौकाच्या मधून गेला होता, त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंनी लिहिलं. लग्न लावणारी धवलेरी शुक्री नावाची म्हातारी होती. तिच्या गाण्यातलं मला निम्मंही कळलं नाही. नवरा-नवरी दोघांचेही केस पांढरे आणि मुकेश सगळ्यांत पुढे नाचत होता. जिवली माझीच हिरवी साडी नेसली होती. ती मी या वेळी न बोलता गंगीच्या हातात दिली होती.

पाचव्या दिवशी काकड्या कामावर हजर झाला. मे संपेपर्यंत तो रोज भिंतीच्या पोटात हात घालून मुळं काढत होता. काही मुळं चार-चार हात लांब निघाली. सगळी पोकळी त्यानं चुन्यानं भरली, ओली पोती टाकून भिजवत ठेवली. जूनमध्ये पाऊस आला, त्यानंतरही दोन-चार हादरे बसले. भिंतीला केसभरही भेग गेली नाही.

राहता राहिले ते सतरा दगड. पावसाळा संपल्यावर नविननं ते परत कठड्यावर चढवायला सांगितलं. साहेबाचं काम काकड्यानं कधी अडवलं नव्हतं, तो उंबर सोडला तर. या वेळी म्हणाला, "जिवलीला विचार." नविननं ते माझ्या गळ्यात घातलं. मी कैनाडला गेले. शेजारच्या पाड्यात लग्न ठरलं होतं आणि जिवलीला चौक लिहायला बोलावणं आलं होतं; ती काडीचं टोक ठेचून बसली होती. माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे खालीच. माझी अठ्ठावीस वरसं गेली. बुरुजाचं सतरा दगड गेलं तर काय झाला."

मी तसंच नविनला कळवलं. त्यानं कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही. दगड अजून पायथ्याशी काकड्यानं लावलेल्या ओळीतच आहेत आणि कठडा जमिनीकडच्या बाजूला तेवढा तुटका दिसतो. रविवारच्या फेरीत कुणीतरी विचारतंच, हे हादऱ्यात पडलं का? एक हौशी पाहुणा तर तोफगोळा लागला असणार म्हणून वाद घालत होता. मी खरं ते सांगते, काकड्याच्या आणि जिवलीच्या नावासकट. पुष्कळ लोक हसतात. काही बायका हसत नाहीत. त्या दगडांजवळ जातात आणि मोजून बघतात.